लेव्हलमामांचा ओत

लेव्हलमामांना प्यायला पाणी दिलं की ते अर्धं पितात आणि अर्धं तुमच्या अंगणात ओततात. मग कमरेवर हात ठेवून, मान तिरकी करून, ते पाणी कुठं जातंय हे बघत उभे राहतात. पाणी थांबेपर्यंत त्यांच्याशी बोलायचं नसतं. बोललात तर हात वर करून गप्प करतात.

आमच्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हा आईनं नुकतीच फरशी पुसली होती.

"आवं मामा, आत्ताच पुसलीया की वो!"

"उंबऱ्याकडं येतंय, वयनी," मामा म्हणाले. "गवंडी कोण हुता?"

"ह्यांचा चुलतभाऊ."

"तरीच."

शेजारच्या मुलीसाठी स्थळ बघायला वडीलधारे म्हणून एकदा त्यांना नेलं होतं. तिथं चहाच्या आधी पाणी आलं, आणि व्हायचं ते झालं. परतीच्या वाटेवर मामा म्हणाले, "पोरगं चांगलं हाय. नोकरी बी हाय. पण न्हाणीचा उतार सैपाकघराकडं हाय. तुमचं तुमी बघा." लोक हसले, लग्न झालं. पहिल्याच पावसाळ्यात त्या मुलीचा माहेरी फोन आला. मामांना सांगा, म्हणाली, पीठ भिजलं.

त्यांचं खरं नाव हणमंत. पेन्शनच्या कागदावर हुद्दा लिहिलाय 'खलाशी'. गल्लीतल्या पोरांना त्यामुळं वाटतं की मामा बोटीवर होते. मामांनी समुद्र पाहिलेला नाही. कालव्यांच्या सर्व्हेत लेव्हल घेताना, म्हणजे जमिनीचा चढउतार मोजताना, दुर्बिणीतून बघायला एक साहेब असतो, आणि समोर लांबवर उन्हात आकड्यांची उंच पट्टी धरून उभा राहायला एक माणूस असतो. सरकार त्या माणसाला खलाशी म्हणतं. मेढ्याच्या डोंगरापासून पूर्वेच्या कोरड्या माळापर्यंत मामा जन्मभर पट्टी धरून उभे राहिले. साहेब बदलले, दुर्बिणी बदलल्या, मामा तेच. निवृत्त झाल्यावर पट्टी सरकारजमा झाली, तेव्हा मामांनी तांब्या घेतला. सायकलच्या हँडलला कापडी पिशवी आणि पिशवीत पितळी तांब्या. "दुर्बीण न्हाई तर न्हाई," ते म्हणतात. "पाण्याला विचारा. सरकार खोटं बोलंल, मी बी खोटं बोलंन, पाणी न्हाई बोलत."

त्यातलं 'मी बी खोटं बोलंन' हे मी बरीच वर्षं नम्रपणा समजत होते.

आमचं गाव सातारा आणि सांगली यांच्या मध्ये, कृष्णेच्या काठावर आहे. नाव सांगत नाही. आमच्या नगरपरिषदेला नोटिसा पाठवायची भारी हौस आहे, आणि एक नोटीस या गोष्टीत पुढं येणारच आहे; दुसरी नको. गावातलं पावसाचं पाणी ज्या सखल पट्ट्यातून आपलं आपण नदीकडं जातं, त्याला आमच्याकडं ओत म्हणतात. ओत कुणी खणलेला नसतो. त्याला भिंत नसते, फाटक नसतं, उद्घाटन तर नसतंच. म्हणूनच बहुधा नगरपरिषदेला तो दिसत नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला असा एक ओत आहे, आणि त्याच्या काठावरचं शेवटचं घर मामांच्या थोरल्या बहिणीचं, रखमाआक्कांचं. मागच्या मोठ्या महापुरात त्या दोन दिवस माळ्यावर बसून होत्या. खाली सगळं घर पाण्यात. शेवटी होडीतून उतरवल्या. तेव्हापासून त्या लोणंदला मुलाकडं राहतात, आणि घराला कुलूप आहे. किल्ली मामांकडं. रोज सकाळी मामा ते घर झाडतात, आक्कांच्या तुळशीला पाणी घालतात आणि उरलेलं पाणी दारात ओतून बघतात. रोज ते उंबऱ्याकडंच येतं. येणारच. महापुरानंतर नगरपरिषदेनं रस्ते उंच केले आणि जुन्या रस्त्यांचा सगळा राडारोडा आणून ओतात टाकला.

आक्कांचं म्हणणं एकच. मामांना कमी ऐकू येतं म्हणून त्यांचा मोबाइल कायम स्पीकरवर असतो, त्यामुळं ते म्हणणं सगळ्या गल्लीला पाठ आहे: "हणम्या, दारातलं पाणी माघारी जाया लागलं की सांग. त्या दिशी यीन. त्याच्या आदी न्हाई."

अशा या गावाच्या नगरपरिषदेला गेल्या काही वर्षांपासून हवामान बदलाची काळजी लागली आहे.

म्हणजे फ्लेक्स लागले. हवामान बदलाशी दोन हात करणारे सगळे हात जोडलेले होते आणि प्रत्येक हातामागं एक चेहरा होता. मग सभागृहात पर्यावरणाची शपथ झाली. प्रत्येक खुर्चीसमोर प्लॅस्टिकची पाण्याची बाटली होती. रस्त्यासाठी बाजारातल्या चिंचा तोडल्या आणि त्यांच्यामागं जी भिंत उघडी पडली तिच्यावर चिंचा रंगवल्या. भाजी विकणाऱ्या बायका त्या रंगवलेल्या चिंचेखाली डोक्यावर पोतं घेऊन उन्हात बसतात. बसस्टँडसमोरच्या एकाच खड्ड्यात मी चार वेगवेगळ्या पाहुण्यांना झाड लावताना पाहिलंय. झाड दर वर्षी मरतं; खड्डा मात्र जोमानं वाढतोय. आणि मोडक्या खुर्च्यांची खोली रिकामी करून तिथं 'हवामान कक्ष' उघडला, एसी बसवून. गावातलं हवामान आटोक्यात असलेली ती एकमेव जागा.

मला राग येतो. हसत लिहितेय म्हणून राग कमी आहे असं समजू नका. ज्या नगरपरिषदेच्या गावात दोन दोन वेळा घरांत नदी शिरली, तिनं शपथ घ्यावी आणि त्याच हातानं ओतात राडारोडा टाकावा, याला चूक म्हणत नाहीत. त्यासाठी मराठीत चांगले शब्द आहेत, पण हे आई वाचणार आहे.

माझे वडील कुपवाडच्या कारखान्यांच्या गेटवर पत्रकं वाटायचे. मी अक्षरं त्या पत्रकांवरच शिकले, त्यामुळं माझ्या बाराखडीत 'ध' धिक्काराचा आहे. हे माहीत असल्यामुळं एका दुपारी मामा आमच्याकडं आले, अर्धं पाणी प्यायले, अर्धं ओतलं आणि म्हणाले, "पोरी, तू लिवतीस म्हणं. एक अर्ज लिवून दे. ओत मोकळा करा. येवडंच. खाली माझी सही."

"एवढंच कसं मामा? विषयाला पार्श्वभूमी लागते."

मी तीन पानं लिहिली. त्यात तापणारी पृथ्वी होती, वितळणारे बर्फाचे डोंगर होते, विकासाच्या नावाखाली चाललेली लूट होती. मामांनी डोळे मिटून सगळं ऐकलं.

"झ्याक हाय. लय झ्याक. पण ह्यात ओत कुटं हाय?"

"दुसऱ्या पानाच्या शेवटी आहे की."

"यवडं लांब सायेब वाचतुया व्हय?"

मला थोडा रागच आला. मी काही बदललं नाही. मामांनी सही केली, आम्ही अर्ज दिला, पोच घेतली.

आणि काय सांगू, अर्ज मंजूर झाला! वैशाखात गल्लीच्या टोकाला माणसं येऊन जागा मोजू लागली. मामांनी ठेकेदाराला विचारलं, "ओताचंच काम न्हवं?" तो म्हणाला, "व्हय व्हय, ओट्याचंच." कमी ऐकणाऱ्या माणसाला जे हवं तेच ऐकू आलं. मामांनी गल्लीला गरम भजी वाटली आणि ही बातमी फोनवर सांगायची नाही म्हणून एसटीनं थेट लोणंद गाठलं.

ते चार दिवसांनी परतले. मीही मधले दिवस बाहेरगावी होते, त्याच सकाळी आले. आक्का अजून आल्या नव्हत्या, पण त्यांनी आपलं एक गाठोडं पुढं पाठवलं होतं: दोन लुगडी, देवातली समई आणि लाटणं. ते गाठोडं काखेत धरून मामा गल्लीत शिरले, तेव्हा समोर मांडव होता आणि ओताच्या बरोबर मधोमध काँक्रीटचा एक लांबरुंद ओटा होता. वर गुळगुळीत फरशी. बाजूला कोनशिला: 'हवामान कृती आराखड्यांतर्गत, नागरिकांच्या मागणीवरून, ओटा बांधणे.'

मामांनी तोंड उघडायच्या आत निवेदकानं त्यांना ओळखलं. "ज्यांच्या जागरूक मागणीमुळं हे काम मार्गी लागलं..." असं म्हणत त्यांना वर ओढलं, खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला. गाठोडं खाली ठेवायला मामा तयार होईनात, म्हणून कुंडीतलं झाड माझ्या हातात दिलं. फोटो निघाला. त्यात सगळे हसताहेत आणि मामा पायाखालच्या फरशीकडं बघताहेत.

लोक पांगल्यावर मामांनी तांब्या काढला आणि ओट्यावर ओतला. पाणी फरशीवरून सरळ आक्कांच्या दाराकडं धावत गेलं. वाटेत कुठं थांबलंसुद्धा नाही.

"मामा, तुमच्यामुळं बसायची सोय झाली बगा," पत्ते कुटायला येऊन बसलेला एक जण म्हणाला. खरंच सोय झाली होती. गल्लीला ओटा आवडला होता. याहून वाईट काय असतं?

दुसऱ्या दिवशी मी मामांना घेऊन हवामान कक्षात गेले. मुख्याधिकारी नवे होते, दुसऱ्या भागातून बदलून आलेले. शेजारी पुठ्ठ्याचं एक मोठं देखणं मॉडेल होतं, 'पूरमुक्त शहर'. त्यात निळ्या कागदाची नदी होती आणि ती फार शहाण्यासारखी वागत होती.

मी आवाज चढवला. साहेबांनी फाइल मागवली. फाइल घेऊन आलेला लिपिक सभ्य मुलगा होता. त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं, "साहेब, अर्जात 'ओत' असं लिहिलं होतं. मला वाटलं 'टा'चा चुकून 'त' झालाय. मी दुरुस्त केलं."

"आणि विचारावंसं वाटलं नाही?" मी म्हणाले.

"मॅडम, अर्ज तीन पानांचा होता. शिवाय ओटा या नावाखाली निधी होता. ओत या नावाखाली आपल्याकडं काहीच नाही."

मुख्याधिकाऱ्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "ओत?" ते म्हणाले. मग अर्जावर बोट ठेवून पुन्हा मोठ्यानं, "ओत?"

मामांनी पिशवीतून तांब्या काढला आणि हवामान कक्षाच्या चकचकीत फरशीवर ओतला.

"अहो! अहो, हे काय करताय?"

"सायेबच दोनदा म्हणले, ओत. मी वतलं."

पाणी क्षणभर घुटमळलं, मग टेबलाखालून साहेबांच्या खुर्चीकडं निघालं. साहेबांनी दोन्ही पाय वर घेतले.

"पाय का उचलला सायेब?" मामा शांतपणे म्हणाले. "आजून तर तांब्याच हाय."

पाणी खुर्चीला वळसा घालून कोपऱ्यात गेलं आणि पूरमुक्त शहराच्या बुडाशी साचलं. पुठ्ठा फुगायला लागला. लिपिक हसू दाबायला फाइलमागं गेला. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

पण टाळ्यांनी ओत मोकळा होत नाही. साहेब पाय वर घेतलेल्या स्थितीतच म्हणाले, "नवा प्रस्ताव द्या. आत्ताच बांधलेलं तोडता येत नाही. पुढच्या आर्थिक वर्षात बघू."

पुढचं आर्थिक वर्ष पावसाळ्याच्या पलीकडं होतं. मृग चार आठवड्यांवर आला होता.

परत येऊन आम्ही त्याच ओट्यावर बसलो. माझं डोकं भणभणत होतं. मी म्हणाले, मोर्चा काढू, उपोषणाला बसू, जनतेपुढं यांना उघडं पाडू.

"जनता पत्तं खेळतीया," मामा म्हणाले. मग आक्कांच्या कुलपाकडं वळले. "पोरी, त्यांचा राग मला बी येतो. पण त्यांच्या आदी मी खोटं बोललोय."

"तुम्ही?"

"माझी बायकू गेली. तिकडं मेढ्याकडं आक्काचं मालक गेलं. आक्का म्हणाली, हणम्या, कुटंतरी चार हात जागा बग. ही जागा इकायला निगाली. मी साहेबाची दुर्बीण मागून आणली, पट्टी लावली. खड्ड्यात हाय हे पैल्या आकड्यालाच दिसलं. मी पट्टी धरत आल्तो आयुष्यभर, मला कळंना व्हय? पण मी आक्काला म्हणालो, उंच हाय, बिनघोर घे." त्यांनी शालीच्या टोकानं तांब्या पुसला. अजून तीच शाल होती. "जवळ पायजे हुती गं ती मला. दुसरं काय न्हाई. होडीतनं उतरली तवा येवडंच म्हणाली, हणम्या, तुजी पट्टी चुकली रं. मी व्हय म्हणालो. पट्टीवर ढकललं."



दुसऱ्या दिवशी सकाळी मामा पहार घेऊन ओट्यावर उभे राहिले. मीही गेले. भर उजेडात, सगळ्यांच्या देखत. मामांचे घाव हलके पडत होते, माझे भलतीकडं. पत्ते खेळणारे आधी ओरडले. शेवटी त्यातल्या एकानं पानं खिशात घातली आणि मामांच्या हातातली पहार घेतली. "द्या हिकडं. डाव तसाबी वाईटच चाललाय." संध्याकाळपर्यंत ओट्याच्या मधून दोन हात रुंद खिंड पडली. पुढचे आठ दिवस आम्ही खालचा राडारोडा उपसला. आक्कांच्या दारापासून ओताच्या जुन्या तळापर्यंत एक खोल चर गेली.

नवव्या दिवशी नोटीस आली.

मामांनी ती माझ्याकडं आणली. मी रागारागानं वाचायला घेतली आणि विषयावरच अडखळले. तो सभ्य लिपिक आता शहाणा झाला होता. एकदा चुकलेला शब्द पुन्हा चुकवायचा नाही म्हणून त्यानं सगळीकडं काळजीपूर्वक टाइप केलं होतं: 'विषय: "ओत" या सार्वजनिक मालमत्तेस हानी पोहोचवल्याबाबत.' खाली जावक क्रमांक, मुख्याधिकाऱ्यांची सही, गोल शिक्का.

"परत वाच," मामा म्हणाले.

मी परत वाचलं.

"ओत लिवलंय?"

"तीन ठिकाणी."

"आन् सार्वजनिक?"

"सार्वजनिक मालमत्ता."

"पोरी, लिवलं की गं त्यांनी!" मामा उठूनच उभे राहिले. "शिक्का मारून लिवलं! कालपतोर ओत नावाचं काय नव्हतंच त्यांच्याकडं!"

त्या नोटिशीला मी उत्तर लिहिलं. आपण सार्वजनिक मालमत्ता म्हणून मान्य केलेला ओत मोकळा करावा. एवढंच. खाली मामांची सही. मी आजवर लिहिलेलं ते सगळ्यात लहान पत्रक आहे. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. दुसरीकडं, नगरपरिषदेला हरित कामासाठी कुठलंसं बक्षीस मिळालंय, आणि त्या फ्लेक्सवर आमच्या ओट्याचा फोटो आहे, खिंड पडायच्या आधीचा. लाज या नावाखालीही त्यांच्याकडं निधी नसावा.

नोटीस आली त्याच दिवशी मामा मला आक्कांच्या दारात घेऊन गेले. तुळशीला पाणी घातलं. मग उंबऱ्यापाशी वाकून तांब्या तिरका केला. पाणी सवयीनं उंबऱ्याकडं आलं, एक बोट राहिलं असताना थबकलं, आणि मग हळूच पाठ फिरवून चरीकडं निघालं. चरीतून ओट्याच्या खिंडीत गेलं. आम्ही दोघं ते दिसेनासं होईपर्यंत बघत होतो.

मामांनी मोबाइल काढला. अर्थात स्पीकरवर.

"आक्का, पाणी माघारी गेलं."

"लेवल नीट बगितली का?"

"बगितली." मामांनी फोन तोंडाजवळ धरला. "आक्का, एक सांगायचं हाय. तवा पट्टी चुकली न्हवती."

पलीकडं आक्कांच्या मुलाच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता. मग तो बंद झाला.

"म्हायती हाय रं," आक्का म्हणाल्या.

"काय म्हायती हाय?"

"जागा घ्यायच्या आदल्या दिशी मी तिथं तांब्या वतला हुता. सगळं पाणी मधी यिऊन बसलं."

"मग घेतलीस कशाला?"

"बायकू गेल्यापासनं तू दोन टायमाला चहात पाव बुडवून खात हुतास. तुला जेवायला कोण घालणार हुतं, सरकार? आन् माजं लाटणं कुटं ठेवलंयस?"

"हाय. गाठोड्यात हाय."

"धुऊन ठेव. ऐतवारी येते."

फोन बंद झाला. मामा ओट्याच्या उरलेल्या तुकड्यावर येऊन बसले. तांब्यात अजून अर्धं पाणी होतं. सवयीप्रमाणं त्यांनी तो तिरका केला, मग थांबले, आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.